चढणीची भिंत बांधण्यापूर्वी

आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात भिंत बांधणाऱ्या कंत्राटदारावर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण चढणीची भिंत ही खोलीच्या भिंतीसारखी नसते. तिच्यावर मुले हातापायांनी चढतात, दमतात आणि हात सुटला की खाली येतात. ती कशी बांधली आहे यावर मनगट, घोटा, पाठीचा कणा आणि प्रसंगी जीवही अवलंबून असतो. शाळेच्या किंवा क्रीडासंकुलाच्या सभागृहात अशी भिंत उभी करण्याचा विचार निघाला की संमतीपत्र घरी येते. आई-वडील शेतावर, कामावर किंवा परगावी असले तर त्यावर सही करण्याची वेळ पुष्कळदा आजी-आजोबांवर येते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकवर्गातील असतात. म्हणजे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या घरातच आहे. प्रश्न कोणते विचारावेत, एवढेच ठाऊक असायला हवे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात या भिंतींचे आकर्षण वाढावे याला कारणही आहे. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्याआधी चार वर्षे, २५ मे २०१४ रोजी, शेजारच्या तेलंगणातील मालावत पूर्णा हिने अवघ्या तेराव्या वर्षी तेच शिखर गाठले होते. या मुलांनी आधी खडकावर हात बसवला, मग बर्फावर पाय रोवले. त्यासाठी त्यांना घरापासून फार दूर जावे लागले. आपल्याकडे जंगल उदंड असले तरी सरावाला योग्य, सुरक्षित आणि शिकवणारा माणूस हाताशी असलेला कडा जवळ सापडणे कठीण. तेव्हा सभागृहातच कृत्रिम कडा उभारावा ही कल्पना कोणालाही पटण्यासारखी आहे.

चढणे आपल्या भागाला नवे नाही. मोहाच्या, चारोळीच्या, ताडाच्या झाडावर चढलेली, मधाच्या पोळ्यापर्यंत पोहोचलेली पिढी आज सत्तरीत आहे. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी ज्यांनी शेतात मचाण बांधले, त्यांना एक गोष्ट कोणत्याही अभियंत्याइतकी नीट कळते. बांबू सहसा मोडत नाही, बांध सुटतो. आरोहण भिंतीचे शास्त्रही पुष्कळ अंशी हेच आहे. फळी क्वचितच तुटते, जोड निसटतो. म्हणून ‘हे नव्या पिढीचे खेळ, आम्हांला त्यातले काय कळणार’ असे म्हणून आपण मागे सरू नये. आपल्याला कळते ते या कामात हवेच आहे.

भिंत कोणती हवी, हे आधी ठरवा

बांधणारा निवडण्याची घाई पुढची. काय बांधायचे हे ठरले नसेल तर येणारा विक्रेता आपल्यासाठी ते ठरवतो आणि साहजिकच मोठे ठरवतो.

या भिंतींचा इतिहास मोठा नाही. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये इमारतीतील विटांच्या भिंतीत दगड बसवून सरावाची जागा केली. आधुनिक आरोहण भिंतींच्या आरंभाशी तिचेच नाव घेतले जाते. पुढे दगडांच्या जागी राळेपासून केलेल्या रंगीत पकडी आल्या. आपले गिर्यारोहक त्यांना ‘होल्ड’च म्हणतात. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम समाविष्ट झाला आणि ‘ऑलिंपिक दर्जाची भिंत’ हे शब्द विक्रेत्यांच्या तोंडी रुळले. ऑलिंपिकमधील वेगाच्या शर्यतीची भिंत १५ मीटर उंच असते, म्हणजे जवळजवळ पाच मजले. आपल्या शाळेच्या सभागृहात ती मावणार नाही, आणि मावली तरी तिचे काय करायचे हा प्रश्न उरेल.

ढोबळमानाने तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला उंच भिंतीचा. तिथे चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस असतो, दोर वरच्या कडीतून खाली येतो आणि खाली उभा असलेला प्रशिक्षित माणूस तो सांभाळतो. दुसरा ‘बोल्डरिंग’चा. साधारण साडेचार मीटरच्या आतली ही भिंत दोराविना चढायची आणि खालच्या जाड गादीवर उतरायचे. तिसरा आडव्या चढाईचा. उंची जेमतेम अडीच मीटर, आणि मुलाने वर न जाता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचे. पाय जमिनीपासून हात-दीड हात वर, इतकेच.

माझे मत स्पष्ट सांगतो. गावातल्या शाळेला तिसरा प्रकार पुरे. बोटांची ताकद, तोल, पुढचे पाऊल कुठे टाकायचे याचा विचार, भीती आवरणे, हे सारे मूल तिथे शिकते आणि पडले तरी हातभर उंचीवरून पडते. दोराची उंच भिंत जिल्ह्याच्या क्रीडासंकुलासाठी ठेवावी. तीही तिथे पगारी प्रशिक्षक कायम असेल तरच. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था यांसारख्या ठिकाणी रीतसर अभ्यासक्रम केलेला माणूस नेमायला पैसे नसतील, तर उंच भिंत बांधायलाही नाहीत असे समजावे. भिंतीसाठी एकदा निधी मिळतो, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. माणसाच्या पगारासाठी दर महिन्याला पैसे लागतात आणि त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

बांधणारा कोण?

आपल्या तालुक्याच्या गावी फाटके, ग्रील आणि शेड बनवणारे वेल्डर असतात. त्यांपैकी काहींच्या हाताला खरोखर गुण असतो. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. सांगाडा जोडण्याचे काम ते उत्तम करू शकतील. मात्र तो कोणत्या मापाचा, कुठे आणि कशाला जोडायचा हे गणित संरचना अभियंत्याचे आहे. भिंतीचा उतार, पकडींची मांडणी, गाद्यांची जाडी हे ज्याने अशा भिंती बांधल्या आहेत त्याचे काम. पुण्या-मुंबईहून येणारी विशेषज्ञ संस्था आणि स्थानिक कारागीर यांनी मिळून काम करावे ही व्यवस्था मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दोघांपैकी एकावर सर्व सोपवले की एक तर आकडेमोड राहते किंवा दुरुस्ती राहते.

गणिताची गरज किती, हे एका उदाहरणाने कळेल. उंच भिंतीवर दोर वरच्या कडीतून वळून येतो. एका टोकाला मूल, दुसऱ्या टोकाला त्याला सांभाळणारा. मूल नुसते लटकून राहिले तरी कडीवर त्याच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक भार येतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू कडीला खाली ओढतात. झटक्याने पडले तर तोच भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. आता ही कडी जर शेडच्या कैचीला, म्हणजे पत्रे तोलणाऱ्या सांगाड्याला अडकवली असेल तर? ती कैची पत्र्यांसाठी आणि वाऱ्यासाठी बांधलेली असते, लटकणाऱ्या माणसांसाठी नव्हे. खांबांच्या मधली विटांची भिंतही बहुधा केवळ आडोसा असते. चार किंवा नऊ इंची वीटकामात खिळे ठोकून त्यावर चढणीचा सांगाडा टांगणे ही शुद्ध जोखीम आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : ही भिंत स्वतःच्या पायांवर उभी राहणार आहे की इमारतीच्या आधाराने? इमारतीच्या आधाराने असेल तर त्या इमारतीचा नकाशा पाहून अभियंत्याने सही केलेला दाखला कुठे आहे? स्वतंत्र उभी राहणार असेल तर पाया किती खोल? वरोरा-चिमूरकडील काळ्या जमिनीत पाऊस पडला की माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथला पाया आणि मुरमाड जमिनीतला पाया एक असू शकत नाही. ‘सगळीकडे असाच करतो’ हे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा.

दुसरा प्रश्न मापदंडाचा. आरोहण भिंतींसाठी युरोपात ई.एन. १२५७२ हा मापदंड आहे. त्याचे दोराच्या भिंती, बोल्डरिंगच्या भिंती आणि पकडी असे तीन भाग आहेत. जाणकार बांधणारा हा आकडा ऐकून गोंधळत नाही. आपल्याला त्यातील कलमे वाचण्याची गरज नाही. ‘यातल्या कोणत्या भागाप्रमाणे बांधणार, आणि करारात तसे लिहून देणार का?’ एवढे विचारले तरी समोरच्याचा चेहरा पुष्कळ काही सांगतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती आपल्यासारख्या ज्येष्ठांनाच साधते. त्याने पाच वर्षांपूर्वी बांधलेली भिंत जाऊन पाहावी. गेल्या महिन्यातली नको, ती कोणाचीही चकचकीत असते. जाणे शक्य नसेल तर तिथल्या शाळेतील शिपायाशी किंवा क्रीडाशिक्षकाशी दूरध्वनीवर बोलावे. मुख्याध्यापकांनी उद्घाटन पाहिलेले असते, भिंत शिपाई पाहतो. तक्रार केल्यावर किती दिवसांनी माणूस आला? आलाच नाही का? पकडी फिरतात का? गाद्यांच्या सांध्यांत फट पडली का? पहिल्या पावसाळ्यानंतर फळ्यांचे काय झाले? मुलीसाठी स्थळ पाहताना आपण ज्या चिकाटीने चौकशी करतो, तिची निम्मी चिकाटी इथे पुरेशी आहे.

सरकारी निधीतून, जिल्हा नियोजन समितीच्या किंवा जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या पैशांतून काम होणार असेल तर निविदा निघते, आणि सर्वांत कमी दराचा कंत्राटदार काम घेऊन जातो. अशा वेळी चौकशीचा काय उपयोग, असे निराशेने म्हटले जाते. उपयोग आहे. पण तो निविदा निघण्यापूर्वी. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक पात्रतेचा लिफाफा उघडतो आणि त्यात टिकलेल्यांचेच दर पाहिले जातात. पूर्वी बांधलेल्या भिंतींचा पुरावा, संरचना अभियंत्याचा दाखला, भारचाचणी, वार्षिक देखभालीची हमी या अटी त्या पहिल्या लिफाफ्यात असायला हव्यात. एकदा दर उघडले की मग कोणाचेच चालत नाही. समितीच्या बैठकीत हा मुद्दा वेळेवर मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

पावसाळा, उधई आणि भिंतीमागचा अंधार

दूरच्या शहरातील बांधणाऱ्याला आपली हवा ठाऊक नसते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि लगेच जूनअखेरीस आभाळ फुटल्यासारखा पाऊस लागतो. गडचिरोलीत वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. एवढ्या कोरडेपणानंतर एवढी ओल आली की साधे प्लायवूड पापुद्रे सोडते. फळ्यांसाठी आय.एस. ७१० या भारतीय मानकाचे सागरी प्लायवूड मागावे आणि तो शिक्का फळीवर स्वतः पाहावा. आपण चष्मा लावून दाराच्या चौकटीचे सागवान पारखले आहे, हे त्याहून सोपे. कापलेल्या कडा आणि पकडींसाठी पाडलेली भोके लाखेने किंवा रंगाने बंद केली आहेत का, हेही पाहावे. ओल तिथूनच शिरते. फळीच्या मागे ज्या चक्क्यांत पकडीचा बोल्ट बसतो त्या गंजल्या की बोल्ट आतच फिरू लागतो, आवळला जात नाही आणि काढताही येत नाही. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या चक्क्या हव्यात, हे करारात असावे.

उधई हा आपला जुना शत्रू. लाकडी टेकू जमिनीला टेकले की तिला वाट मिळते. सांगाडा लोखंडाचा असावा आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान वीतभर वर असावी.

आणि भिंतीमागची पोकळी! शहरात ती नुसती पोकळी असते, आपल्याकडे तिचे घर होते. उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. गांधीलमाश्या आणि पाली तर हमखास. मण्यार रात्री घरात शिरते हे इथल्या कोणाला नव्याने सांगायला नको. खालची बाजू जाळीने पक्की बंद करावी. तपासणीसाठी एका बाजूला कुलूपबंद दार ठेवावे आणि आत उजेडाची सोय असावी. बोल्ट मागून तपासण्यासाठी ते दार लागतेच. पण त्यात हात घालण्याआधी विजेरीने पाहण्याची शिस्त शिपायाला लावून द्यावी. नकाशावर हे दार नसेल तर ते नंतर कोणी करून देत नाही.

गादीविषयी दोन शब्द. घरच्या गादीवाल्याकडून फोम भरून घेणे स्वस्त पडते आणि घातक ठरते. उतरण्याच्या गादीत वर घट्ट आणि खाली मऊ असे फोमचे दोन थर असतात. वरचा थर भार पसरवतो, खालचा धक्का पितो. नुसता मऊ फोम असला तर पाय थेट फरशीला टेकतो. दोन गाद्यांच्या सांध्यात पाय अडकून घोटा मुरगळणे ही तर अशा भिंतींवरील फार नेहमीची दुखापत, म्हणून सांध्यावरून एकसंध आवरण हवे. आणि आपण नातवंडाला पाहायला गेलात तर खुर्ची गादीच्या काठापासून चांगली दूर मांडून बसा. मूल पडेल म्हणून झेलायला पुढे धावू नका. वरून येणारे तीस किलोचे मूल सत्तरीतल्या मनगटाने झेलले जात नाही, दोघेही जखमी होतात.

चढून गेल्यावर पकड हातात फिरली तर मूल बेसावध पडते. एकाच बोल्टवर बसवलेल्या पकडीला शेजारी एक छोटा स्क्रू मारला की ती फिरत नाही. ही बारीकसारीक गोष्ट बांधणारा स्वतःहून करतो का, यावरून त्याची जात कळते. शाळा सुटल्यावर भिंत बंद कशी ठेवणार, हेही त्याला विचारा. चांगला माणूस सांगेल की उंच भिंतीच्या खालच्या सहा-सात फुटांतील पकडी काढता येतील किंवा त्यावर कुलूपबंद फळ्या लावता येतील. ‘मुलांना समजावून सांगा’ हे उत्तर ज्याने दिले त्याला मुले ठाऊक नाहीत.

शेवटी प्रश्न येतो अंतराचा. पुण्याहून गडचिरोली एका रात्रीच्या प्रवासात येत नाही. नागपूरही सुमारे १७० किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. एक बोल्ट आवळायला तिथे कोण येणार? म्हणून करारात लिहून घ्यावे की काम संपताना बांधणारा गावातील दोन माणसांना महिन्याची तपासणी शिकवील, हत्यारे, सुटे बोल्ट आणि जादा पकडी ठेवून जाईल, नकाशे व तपासणीची वही देईल आणि वर्षातून एकदा स्वतः येईल. दोर आपोआप ओढून धरणारी यंत्रे बसवण्याचा आग्रह कोणी केला तर ती दरवर्षी उत्पादकाच्या केंद्रात तपासणीसाठी पाठवावी लागतात, हे लक्षात ठेवा. तो खर्च कोण करणार ते आधी विचारा. पैसेही एकदम देऊ नयेत. पायाभरणी, सांगाडा, भारचाचणी अशा टप्प्यांनी द्यावेत आणि दहावा हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. थोडा कुरकुरतो, इतकेच.

मूल भिंतीवर जाण्याआधी घरातून काय सांगावे

भिंत कितीही चांगली बांधली तरी एक गोष्ट कोणताही बांधणारा पाहू शकत नाही, ती म्हणजे मुलाच्या रक्तातील दोष. आपल्या वनपट्ट्यात सिकलसेल हा आजार पुष्कळ आहे. गडचिरोलीत तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे पुढे आणण्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा मोठा वाटा आहे. सिकलसेलग्रस्त मुलाला अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी किंवा ताप यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खुंटून खुब्याचा सांधा झिजण्याचाही धोका असतो. अशा मुलाने गादीवर पुनःपुन्हा उड्या मारणे योग्य नाही.

याचा अर्थ त्याला कोपऱ्यात बसवावे असा नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आडव्या भिंतीवर, सावकाश, मध्येमध्ये पाणी पीत, उडी न मारता पायाने खाली उतरत ते मूलही खेळू शकते. केवळ वाहक असलेल्या मुलाला बहुधा काही त्रास नसतो. तरी भर उन्हात दमवणूक टाळावी आणि पाणी भरपूर द्यावे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात तपासणीनंतर कार्ड दिले जाते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते कार्ड काढून पाहावे. तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. शाळेच्या अर्जात हा रकाना नसेल तर हाताने लिहावा. दमा असल्यास तेही कळवावे, कारण हाताला लावायची मॅग्नेशियमची पांढरी भुकटी बंद सभागृहात उडते आणि छातीला त्रास देते. खिडक्या कुठे आहेत, हाही बांधणाऱ्याला विचारण्याचाच प्रश्न आहे. मार्च ते जून पत्र्याच्या सभागृहात भिंत फक्त सकाळी उघडी असावी.

आणि आपण स्वतः?

हे वाचताना एखाद्या आजोबांच्या मनात आले असेल की आपणही एकदा हात लावून पाहावा. हसण्यावारी नेऊ नका. व्हिएन्नात पार्किन्सनच्या ४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांनी बारा आठवडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोर बांधून भिंत चढण्याचा सराव केला, तर उरलेल्यांनी आपापला व्यायाम केला. चढणाऱ्यांच्या हालचालींतील मंदपणा, ताठरपणा आणि कंप कमी झाला. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात नैराश्याच्या रुग्णांसाठी बोल्डरिंगचा उपचारासारखा वापर करून पाहिला गेला आणि त्याचाही गुण दिसला. हे अभ्यास लहान आहेत आणि तिथे थेरपिस्ट व प्रशिक्षक शेजारी उभे होते, हे विसरता येणार नाही. आपल्याकडे एकट्याने भिंतीला हात घालण्याचा परवाना म्हणून ते वाचू नयेत.

जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपलीकडच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. तेव्हा ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांना चक्कर येते, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, हृदयविकार आहे, खांदा आखडला आहे किंवा गुडघा बदललेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलू नये. हाताची मूठ घट्ट आवळून श्वास रोखून धरला की रक्तदाब एकदम चढतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चढणे म्हणजे नेमके तेच.

पाय जमिनीवर ठेवूनही या भिंतीचा लाभ घेता येतो. छातीच्या उंचीवरील दोन मोठ्या पकडी धरायच्या, पाय खांद्याइतके फाकवायचे आणि वजन हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचे. मग एक हात सोडून शेजारची पकड धरायची. श्वास चालू ठेवायचा, शेजारी कोणीतरी उभे असू द्यायचे. तोल, पकड आणि खांदा या तिन्हींना एवढ्याने काम मिळते. खुर्चीतून उठताना, न्हाणीत वळताना, ओसरीची पायरी उतरताना हीच ताकद उपयोगी पडते. बहुतेक आजी-आजोबांसाठी इतके पुरे आहे, किंबहुना तेच योग्य आहे.

यासाठी बांधणाऱ्याला फार काही करावे लागत नाही. आडव्या भिंतीचा दोन मीटरांचा एक तुकडा ज्येष्ठांसाठी राखून ठेवायचा. त्यावर तळहातात सहज मावतील अशा मोठ्या, गुळगुळीत पकडी कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर बसवायच्या. खाली गादी नको, तिच्यावर म्हाताऱ्या पायांचा तोल जातो. न घसरणारी सपाट फरशी हवी. कडेला जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर मुठीत मावणारी गोल दांडी आणि दोन हातांच्या अंतरावर हाताची खुर्ची. मोजमापाला माणूस येईल त्याच दिवशी हे त्याला सांगावे आणि नकाशावर काढून घ्यावे. भिंत रंगवून झाल्यावर दांडीची आठवण झाली तर पुन्हा भोके पाडावी लागतात, आणि त्या वेळेपर्यंत त्याचा माणूस नागपूरच्या गाडीत बसलेला असतो.